ओळख कोणाची?

कुर्डुवाडी स्टेशनावर मोठ्या गाडीतून उतरलं, की आमची गाडी पलीकडे उभी असायची. मोठ्या गाडीच्या शेजारी ती थोरल्या भावाचा हात धरून जत्रेला आलेल्या पोरासारखी दिसे. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि गुडघे लागले की बोलणं आपोआप सुरू होई. पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणाचा रं तू?"

नाव सांगून भागत नसे. आडनाव सांगूनही भागत नसे. कुठल्या गल्लीतला, कुठल्या पेढीवरच्या दिवाणजींचा, आजोळ वैरागचं की पांगरीचं, हे सगळं उलगडल्यावर समोरचा माणूस समाधानाने म्हणे, "आरं तिच्या, म्हंजी तू त्यांचा व्हय!" आणि पुरचुंडीतल्या मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत येत. बार्शीला पोहोचेपर्यंत त्या पुरत नसत, कारण गाडीला घाई कशी ती ठाऊकच नव्हती. पस्तीसेक किलोमीटरचं अंतर. पण "गाडीने आलो" असं कोणी म्हटलं, की गावातला एखादा टवाळ हटकून विचारायचा, "मग निघाला होता कधी, काल का?"

ही आमची बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीयरने ती उभी केली आणि १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती एकीकडे पंढरपूरला, दुसरीकडे लातूरला आणि १९२७ साली थेट मिरजेला गेली. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. आम्हा पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. इंजिनाची शिट्टी, गिरणीचा भोंगा आणि भगवंताच्या देवळातली घंटा, या तीन आवाजांवर आमचा दिवस चाले. घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची आठवण दादांना सणासुदीलाच व्हायची.

माझा जन्म १९५९ चा. दादा, म्हणजे माझे वडील, एका आडत पेढीवर दिवाणजी होते. बार्शी ही त्या काळी नावाजलेली बाजारपेठ. १९४८ पर्यंत गावाच्या पूर्वेला थोडं पुढे गेलं की निजामाचं राज्य लागे. हद्दीपलीकडचा माल बैलगाड्यांतून आमच्याकडे यायचा आणि आगगाडीने पुढे जायचा. मी पाहिली ती बार्शीही तूर, उडीद, करडई आणि शाळू यांच्या वासाची होती. हंगामात पेढीसमोर पोत्यांच्या थप्प्या लागत. तोलार एका लयीत माप मोजत. हमालांच्या पाठी पिठाने पांढऱ्या झालेल्या असत. दादा गादीवर बसून रोजमेळ लिहीत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पगार मात्र अक्षराइतका सुंदर नव्हता.

गावात लपवण्यासारखं काही करता येत नसे. शाळा बुडवून मॅटिनीला गेलो, तर मध्यंतराच्या आत आईला बातमी लागलेली असे. सायकल जोरात हाणली, तर दादांना पेढीवर कळे. वैताग यायचा. पण ताप भरून शाळेच्या ओट्यावर आडवा झालो, तेव्हा कुणीतरी न विचारता खांद्यावर टाकून घरी पोहोचवलं होतं. घरचा पत्ता त्याला सांगावा लागला नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दुकानदारांना सगळे तात्या म्हणत. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. आईने सांगितलं, की मी लाल कापडी पुठ्ठ्याची छोटी वही घेऊन दुकानात जायचा. अर्धा शेर गूळ, छटाकभर चहा, पावशेर गोडेतेल. किलो-ग्रॅम येऊन वर्षं झाली होती, पण आईच्या तोंडचे शेर-छटाक गेले नव्हते. तात्या माझ्या वहीत लिहीत आणि त्यांच्या खतावणीतल्या आमच्या पानावर लिहीत. महिन्याच्या एक तारखेला दादा पैसे देत. सही नाही, अंगठा नाही, व्याज नाही. खतावणीच्या पानावर डोक्याशी फक्त दोन शब्द होते, "दिवाणजी, पेढी". एवढ्यावर आमचं घर चालत होतं.

मग १९७२ साल आलं.

आधीच्या वर्षीही पाऊस धड नव्हता. त्या वर्षी तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. विहिरींचे तळ दिसायला लागले. लोकांनी जनावरं मिळेल त्या किमतीला विकली. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळू लागला. त्याची भाकरी थापताना आईच्या हाताखाली तुटायची. शाळेत आम्हाला सुकडी मिळायची आणि ती मला आवडायची, हे आज सांगायलाही संकोच वाटतो. बाजारात माल येईना. दादा पेढीवर जात, गादीवर बसत, पेन्सिलीला टोक काढत आणि परत येत. दिवाळीनंतर मालकांनी सांगितलं, पाऊस पडेपर्यंत पगार अर्धा. संक्रांतीनंतर तोही थांबला.

घरात कुणी मोठ्याने काही बोललं नाही. एका सकाळी दादा नेहमीसारखे कोट-टोपी घालून बाहेर पडले, पण पेढीच्या दिशेने गेले नाहीत. गावापासून चार-पाच मैलांवर दुष्काळी काम निघालं होतं. रस्त्यासाठी खडी फोडायचं काम. तिथे हजेरीपट लिहायला माणूस हवा होता. दादांचं अक्षर असं कामी आलं. आईने आम्हा भावंडांना बसवून बजावलं, "कुणी विचारलं तर पेढीच्या कामाने बाहेरगावी जातात म्हणायचं." मी कधी कधी दुपारी सायकलवरून त्यांचा डबा घेऊन जायचो. उन्हात बायका रांगेने बसून हातोडीने दगड फोडत. कोणाच्या शेजारी फाटक्या लुगड्याच्या सावलीत तान्हं मूल झोपलेलं असे. संध्याकाळी दादा एकेक नाव घेऊन हजेरी मांडत.

त्याच दिवसांत आईने मला वही घेऊन दुकानात पाठवणं बंद केलं. पैसे देता येत नव्हते, आणि वर आणखी उधार मागायची तिला लाज वाटत होती. आठ-दहा दिवस गेले. एके दिवशी शाळेतून येताना तात्यांनी दुकानातूनच हाक मारली, "काय रं, आईला बरं न्हाई का?"

"बरी आहे."

"मग वही हरवली का?"

मी मान खाली घातली. तात्यांनी पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी दुकानातला पोऱ्या पोतं घेऊन आमच्या दारात उभा. गूळ, तेल, डाळ, चहा, काडेपेट्या. सोबत निरोप, "वही सापडली की लिहून घ्या म्हणावं." आई पदर तोंडाला लावून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून माझी वही पुन्हा सुरू झाली. पाऊस १९७३ साली पडला. पेढी सावरली, पगार सुरू झाला, पण ते देणं पूर्ण फिटायला १९७६ उजाडलं. तात्यांनी एकदाही तगादा लावला नाही. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी त्यांनी पानावर आडवी रेघ मारली आणि मला बत्तासा दिला. मी तेव्हा सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला होतो.

आठवणींचा लेख इथे संपवता आला असता. असे लेख मीही लिहिले आहेत. "तेव्हा माणसं कशी होती, नाही?" असं म्हणायचं आणि वाचकाने मान डोलवायची. पण त्याच दुकानातली दुसरी एक संध्याकाळ मी आजवर कधी लिहिली नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात मी वही घेऊन फळीशी उभा होतो. एक बाई आली. अंगावर खडीची पांढरी धूळ, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने थोडा गूळ आणि चहाची पुडी उधार मागितली. शनिवारी पगार झाला की आणून देते म्हणाली. तात्या दुष्ट नव्हते. साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, तुला वळखतं कोण हितं?"

बाईने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावर आली आणि तिचा चेहरा उजळला. "ह्यो पोरगा वळखतो की! ह्याचा बा रोज हजेरी मांडतो माझी. डबा घेऊन येतंय ते."

दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे पाहू लागली. दादा दुष्काळी कामावर जातात हे मी बोललो असतो, तर रात्रीपर्यंत ते गावभर झालं असतं. निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "मला नाही माहीत."

ती काही बोलली नाही. रिकामी पिशवी गुंडाळून काखेत मारली आणि गेली. तात्यांनी माझा गूळ तोलला, वहीत लिहिला. मी घरी आलो.

माझी ही चूक लहानपणची म्हणून सोडूनही देता येईल. पण नंतर मला कळलं, की प्रश्न माझ्या एकट्याच्या खोटेपणाचा नव्हता. तात्यांच्या खतावणीत आमच्यासारख्यांची शंभर पानं असतील. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या कुणाचं पान त्यात मी कधी पाहिलं नाही. आमच्यासाठी सारा गाव जामीन होता. "कुणाचा तू?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या खिशात होतं. ज्यांच्या उत्तराने शेंगा मिळत नव्हत्या, ज्यांना उत्तर दिल्यावर समोरचा जरा सरकून बसत होता, त्यांच्यासाठी गाव कुणाचाच जामीन नव्हता. आपण ज्याला गावाचा जिव्हाळा म्हणतो, त्याची हद्द इतकी जवळ होती.

१९८१ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर बँका खेड्यापाड्यांत गेल्या. त्याच ओघात आमच्यासारखी आडगावची मुलं बँकेत शिरली. नोकरीत मला पहिल्या दिवसापासून एक रकाना भेटला. बचत खातं उघडण्याच्या फॉर्मवर खाली छापलेलं असे, ओळख देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, सही. ज्याचं आधीपासून खातं आहे, त्याने नव्या माणसाची ओळख द्यायची. मला तो रकाना पाहिला की तात्यांचा आवाज ऐकू येई.

१९८७ साली मी मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून शेळ्या, म्हशी, शिवणयंत्रं यांसाठी कर्ज दिलं जाई. एक बाई शेळ्यांचं प्रकरण मंजूर करून घेऊन आली. पंचायत समितीचे कागद सगळे नीट. आधी खातं उघडायला हवं होतं. मी सवयीने विचारलं, "ओळख कोणाची?"

ती म्हणाली, "साहेब, वळखत्यात समदीच. पन सही कोन देनार?"

तिच्या वस्तीत एकाचंही खातं नव्हतं. ज्यांची खाती होती ते तिला ओळखत होते, पण तिच्यासाठी बँकेची पायरी चढणार नव्हते. मी फॉर्म पुढे ओढला आणि ओळख देणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि खाते क्रमांक लिहिला. शिपाई माझ्याकडे पाहत राहिला. तिने कर्ज फेडलं का, असं तुम्ही विचाराल. थोडं रखडत, पण फेडलं. अर्थात तशी कर्जं फेडणारे होते तसे बुडवणारेही होते, आणि योजनेतल्या कित्येक शेळ्या फक्त कागदावरच चरल्या, हेही बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस नाकारणार नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटत होतं. एक जुनं देणं चुकतं केलं अशा समजुतीत मी काही वर्षं राहिलो.

ती समजूत १९९६ साली उतरली. माझी बदली बार्शीच्या शाखेत झाली होती. स्वतःच्या गावात साहेब होऊन येण्यात केवढं सुख असतं! मंडईत भाजीवाली दोन मिरच्या जास्त घालते. आई तेव्हा होती, दादा नव्हते. थकीत कर्जांची यादी पाहताना एक नाव दिसलं आणि मी थांबलो. माझा बाकावरचा मित्र, तात्यांचा धाकटा मुलगा. त्याने डाळमिलसाठी कर्ज काढलं होतं आणि दुकान व घर तारण ठेवलं होतं. मिल चालली नव्हती. १९९२-९३ पासून अनुत्पादक कर्जाचे नवे नियम आले होते आणि वरून दर महिन्याला वसुलीची विचारणा होत होती. प्रकरण माझ्या आधीच्या साहेबांनी मंजूर केलेलं. माझं काम फक्त नोटिशीवर सही करायचं. मी सही केली. रजिस्टर पोस्टाने ती दोनशे पावलांवरच्या दुकानात गेली.

चार दिवसांनी तात्या शाखेत आले. ऐंशीच्या घरातले, हातात काठी. मी उठून उभा राहिलो, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी चहा घेतला नाही. खिशातून नोटीस काढून टेबलावर उलगडली.

"सही तुझीच ना?"

"हो तात्या. नियमाप्रमाणे..."

"न्हाई, तसं न्हाई. अक्षर चांगलंय. तुझ्या वडलांचं असंच होतं." त्यांनी कागदाची घडी परत नीट घातली. "पैसं बँकेचं हायती. ते द्यायलाच पायजेत. फकस्त तू घरी येऊन सांगितलं असतंस, तर पोराला पोस्टमनच्या म्होरं सही करावी लागली नसती. गल्ली बघत हुती."

एवढं बोलून ते गेले.

नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पैसे ठेवीदारांचे होते, त्यात त्या शेळीवाल्या बाईसारख्यांचेही पाच-पंचवीस असतील. पण नोटीस धाडण्याआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन दहा मिनिटं बसायला कुठल्याच परिपत्रकाची आडकाठी नव्हती. मी गेलो नाही, कारण त्यांच्या समोर मला साहेब राहता आलं नसतं. १९७३ मध्ये लाज वाटली म्हणून मी ओळख नाकारली. १९९६ मध्ये अवघडलो म्हणून तेच केलं, या वेळी बँकेच्या कागदावर. दुकानाची दर्शनी बाजू विकून त्यांनी दोन वर्षांत कर्ज फेडलं. तोपर्यंत माझी बदली झाली होती. तात्या गेल्याची बातमी मला परगावी कळली.

गेल्या वर्षी पुष्कळ दिवसांनी बार्शीला गेलो. छोटी गाडी आता नाही. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज होऊन मोठ्या गाड्या धावू लागल्या. बाक रुंद आहेत, गुडघे लागत नाहीत. बार्शी येईपर्यंत मला कोणी काही विचारलं नाही. सगळे आपापल्या मोबाईलमध्ये होते, आणि खरं सांगायचं तर मीही होतो. बँकेतही आता ओळख देणारा लागत नाही. आधार कार्ड आणि अंगठा पुरतो. त्या शेळीवाल्या बाईच्या नातीला आज खातं उघडताना कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नसेल, ही मी चांगलीच गोष्ट मानतो. यंत्र "कुणाचा तू?" असं विचारत नाही. वही हरवली का, असंही विचारत नाही.

गल्लीच्या तोंडाशी, तात्यांच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात, झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता.

"काय पाहिजे, काका?"

"काही नको. सहज आलो होतो."

"कोण तुम्ही?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. निवृत्त बँक अधिकारी म्हणू? कादंबरीकार म्हणू? या दारात दोन्ही सांगवेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे रे?" आणि माझा मित्र चष्मा सारखा करत बाहेर आला. क्षणभर बघत राहिला. मग नातवाला म्हणाला, "अरे, आत घे त्यांना. आपल्या दिवाणजींचा मुलगा आहे."

चहा झाला. गुडघेदुखी, मुलं, परदेश, सगळं बोलून झालं. शेवटी मी नोटिशीचा विषय काढला. तो म्हणाला, "राहू दे रे. मिल माझी बुडाली, तुझी नव्हे." मला आणखी सांगायचं होतं. मी त्याला त्या खडी फोडणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली, जी मी आईलाही कधी सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने साधाच प्रश्न विचारला, "नाव काय होतं तिचं?"

दादा रोज संध्याकाळी ते नाव मोठ्याने वाचत होते. सुंदर अक्षरात लिहीत होते. डबा घेऊन मी तिथे उभा असायचो.

मला ते ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.